चुकीच्या रंगाचा उंट

खडकी बाजारात, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन जातो
आणि माझ्या प्रोग्रामला ढमढेऱ्यांसमोर बसवतो.
सोंगट्या त्याच्या वतीने मी हलवतो,
टोमणे त्याच्या वतीने मीच खातो.

त्याला मी मोजायला शिकवलंय.
वजिराचे चार, हत्तीचे दोन, घोडा-उंट एकेक,
दोन्हीकडचे मिळून चोवीस.
चोवीस असताना राजा कोपऱ्यात, प्याद्यांच्या आड.
आकडा उतरत जातो तसा
तोच राजा, तीच घरं,
पण मधल्या घरांचा भाव चढत जातो
आणि म्हातारा एकेक पाऊल बाहेर पडतो.
इथून डाव बदलला, अशी रेघ कुठेच नाही.
प्यादी प्याद्यांना भिडून थिजली
तर उंट स्वस्त, घोडा महाग.
हे सगळं त्याला पापणी लवायच्या आत कळतं.

"कळतं?" ढमढेरे म्हणाले. "मोजतं म्हणा."
चौतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात
वजनं तपासलेला माणूस.

त्या दिवशी हत्तीला हत्ती गेला.
आमच्याकडे उरला एक उंट, एक कडेचं प्यादं.
पडद्यावर : अधिक साडेपाच.
ढमढेऱ्यांनी राजा कोपऱ्यात नेला
आणि चहा मागवला.
कोपरा पांढरा. उंट काळ्या घरांतला.
राजा शेजारच्या घरात,
चहा बशीत,
राजा पुन्हा कोपऱ्यात.
साडेपाच. साडेपाच. साडेपाच.
पन्नास चाली यंत्र जिंकतच राहिलं.
"पैसे आहेत हो याच्याकडे," ते म्हणाले,
"या दुकानात चालत नाहीत, एवढंच."

रात्री दापोडीला, घर झोपल्यावर
मी चार ओळी लिहिल्या :
एकटा उंट, कडेचं प्यादं, कोपरा उलट रंगाचा,
समोरचा राजा तिथे पोचलेला,
तर शून्य.
शून्य टाइप करताना बोट जरा अडलं.
भावाशी बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली,
माझ्या हिशोबात अजून मीच पुढे आहे.

पुढच्या रविवारी, चाळिसाव्या चालीच्या सुमाराला
ढमढेऱ्यांनी हत्ती पुढे केला, घे म्हणून.
प्रोग्रामने घेतला नाही.
आपला हत्ती एक घर बाजूला सरकवला.
ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले.
मग लॅपटॉपकडे नाही, माझ्याकडे.
"कुणी सांगितलं याला?"

खाली कुणीतरी चाकाचा आउट काढत होतं.