रोजच्या जगण्यापुरतं

साकाताच्या कुटुंब न्यायालयाने
मला एक माणूस दिला सांभाळायला.
सोबत त्याचं पासबुक, घराच्या दोन किल्ल्या
आणि त्याच्या नावाचा शिक्का,
जो आता मीच उमटवायचा.

ओनोदेरा तोकुजी, वय एक्क्याऐंशी.
या किनाऱ्यावरच्या शाळाशाळांतून
सायकलने हिंडत पियानो सुरात लावायचा.
सज्ञान होऊन साठ वर्षं उलटली,
आणि निकालपत्राच्या दुसऱ्या पानावर
पुन्हा अज्ञान झाला.

मी या कामात नवखी नाही.
माझ्या कपाटात अशी अकरा माणसं आहेत,
फायलीच्या पाठीवर नाव, खाली जन्मसाल.
याला दारावर येणाऱ्यांनी एका महिन्यात
सात गाद्या विकल्या, पाठदुखीवर उपाय म्हणून.
सातही सौदे मी रद्द करवले.
म्हणाला, मग झोपायचं कशावर?
म्हटलं, आठवी तुमचीच आहे.

कायदा कोरडाच. पण त्यातलं एक वाक्य
कुणीतरी हात धुऊन आल्याबरोबर,
ओल्या बोटांनी लिहिलं असावं:
रोजच्या जगण्यापुरती खरेदी
रद्द करता येणार नाही.
म्हणजे टोफू, मोजे, बसचं तिकीट.
एवढं राज्य त्याचं त्याच्याकडे.

फेब्रुवारीत पावती आली.
नादकाटा, एक नग, चार हजार आठशे येन.
नागोयाहून पुतण्याचा फोन:
रद्द करा. काका काय आता पियानो लावणार आहेत?

मी वृद्धाश्रमात गेले.
जेवणघरात देणगीचा एक पियानो आहे,
वर लेसचं कापड, कापडावर प्लास्टिकची फुलं.
त्याने फुलं उचलून माझ्या हातात दिली.
काटा गुडघ्यावर आपटला,
दांडा लाकडाला टेकवला, एक पट्टी दाबली,
आणि मान जराशी कलती केली,
जशी आपण शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकताना करतो.
उतरलाय, म्हणाला. केसभर.
बाई, ही समुद्राकडची खिडकी
थंडीत बंद ठेवा म्हणून मागच्या खेपेला सांगितलं होतं.

मागची खेप नव्हतीच.
मला तो शाळेच्या कचेरीतली बाई समजतो,
कारण पैशाचं पाकीट मी आणते.

डॉक्टरांच्या कागदावर प्रश्न होते:
आज तारीख काय? शंभरातून सात गेले किती?
त्र्याण्णववर तो थांबला होता.
हा स्वर बरोबर आहे का,
असा प्रश्न त्या कागदावर नव्हता.

परिचारिका सांगत होती,
रोज झोपायच्या आधी तो काटा वाजवतो,
कानामागच्या हाडाला लावतो,
आवाज संपेपर्यंत लावून ठेवतो.
रोज? मी विचारलं.
रोज.

निघताना त्याने वहीचं पान फाडून लिहिलं:
पियानो तपासला. दुरुस्ती पुढच्या खेपेला. शुल्क नाही.
मग खिसे चाचपू लागला, एक, दुसरा, पुन्हा पहिला.
शिक्का माझ्या पर्समध्ये होता.
नियम मला पाठ आहेत.
मी शिक्का काढून त्याच्या तळहातावर ठेवला.
त्याने त्यावर हा करून फुंकर घातली,
नावाच्या शेजारी सरळ उमटवला,
आणि कुणाची तरी छत्री परत करावी
तसा मला देऊन टाकला.

वार्षिक हिशेब काल पूर्ण केला.
ताळा जुळला, एका येनाचाही फरक नाही.
नादकाट्यापुढे शेरा: रोजच्या जगण्यापुरतं.
ते पान मात्र फायलीला लावलेलं नाही.

आता घर विकायच्या परवानगीचा अर्ज.
तो लिहायला घेते आणि ठेवून देते.
मालमत्तेच्या यादीत चौदाव्या ओळीवर
माझ्याच अक्षरात आहे:
पियानो, जुना. किंमत शून्य.