मात्रा

चौथ्या मजल्यावर माझं टेबल. खिडकीला कबुतरांची जाळी,
जाळीपलीकडे परळ, आणि फुटपाथवर
एक्स-रेची पाकिटं उशाला घेऊन निजलेली माणसं.
माझ्याकडे माणसं येत नाहीत. आकडे येतात.

आधी तिघांना वीस मिलिग्रॅम. काही झालं नाही.
मग तिघांना चाळीस. एकाला उलट्या, तेवढ्यावर निभावलं.
मग साठ.

जुनी रीत जिन्यासारखी होती:
तिघे चढले, कुणी पडलं नाही, चढा पुढे.
आता जिन्याऐवजी एक वक्ररेषा आहे,
माणसागणिक जरा हलणारी,
आधीची समजूत आणि आजचा रक्ताचा रिपोर्ट
यांची गाठ घालून देणारी.
आमटीतल्या मिठासारखं, सांगतो मी नव्या पोरांना,
घालता येतं, काढता येत नाही.
पोरं हसतात. मी पुढचं सांगत नाही,

की आपण निर्धोक मात्रा शोधतच नाही.
आपण शोधतो ती मात्रा, जी
चौघांतल्या एकाला सोसणार नाही.
प्रोटोकॉलच्या सव्विसाव्या पानावर आहे: शून्य पूर्णांक पंचवीस.
खाली सही माझी.

आठ नंबर. बाई, वय त्रेपन्न, आद्याक्षरं सु. मि.
साठ मिलिग्रॅम, बारावा दिवस, प्लेटलेट नऊ हजार.
रकान्यात शून्याच्या जागी मी एक लिहिला
आणि रेषा वाकली.
यादी एवढीशी असली की
एक माणूस केवढा जड होतो.

गुरुवारी लिफ्टमध्ये स्ट्रेचरवर एक बाई होती.
दंडावर जांभळे डाग, मोसंब्यांची पिशवी छातीशी घट्ट.
वॉर्डबॉयने फाईल माझ्या पोटाला टेकवली.
नाव वाचायचं नसतं. वाचलं:
सुलभा मिठबावकर.
तिने माझं ओळखपत्र पाहिलं.
“डॉक्टर, माज्यार मात्रा चालूक नाय मां?”
मी डॉक्टर नाही, म्हणालो.
“मगे कोण?”
मोजतो.
तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.
“मगे नीट मोज, मेल्या.”
तिसरा मजला आला.

नऊ नंबर सोमवारी येईल. कोण, कुठला, ठाऊक नाही.
त्याला चाळीस, रेषा म्हणते.
साठ का नाही, हे तो विचारणार नाही,
आणि विचारलंच तर कुणी नाव सांगणार नाही.

दिवे घालवण्याआधी सगळं पुन्हा एकदा मोजलं.
तेच आलं.
पुन्हा मोजलं.