मासेवाल्याकडचा बर्फ

झोंबात वीज गेली की
मी बर्फ आणते लिकोस्वेच्या खोक्यातून,
चांबो माशांखालचा, वास मारणारा.
"आज काय शिजवतेस, तियामिके?"
"गुलाबी," मी सांगते. तो हसतो
तोंडात उरलेल्या चार दातांनी.

कसं शिजतं, ते एकदा सांगितलं होतं त्याला:
गोळी कुटायची, आम्लात विरघळवून गाळायची,
बर्फात बसवायची. मग नायट्राइट. तीन मिनिटं.
मग दुसरं मीठ, त्याचे बुडबुडे निवू द्यायचे.
शेवटी तपकिरी बाटलीतलं
ते उजेडाला भिणारं रसायन.
जितकं औषध, तितका रंग.
"आणि नुसता खडू असेल तर?"
तर पाणी पाणीच राहतं.
"म्हणजे लाजेसारखं," तो म्हणाला,
"असेल त्यालाच चढते."

आजचा नमुना तळ्याकडच्या दवाखान्यातला.
पोटुशी बायकांना देतात त्या गोळ्या,
नर्ससमोर गिळायच्या, तीन एकदम.
माझ्या बहिणीनं, एस्नाथनं, मंगळवारी तिथंच गिळल्या
आणि घरी येऊन
पेल्याचा कान कसा तुटका होता, एवढंच सांगितलं.

दहा मिनिटं.
प्रमाणाच्या पाच नळ्या खिडकीत,
फिक्या ते गडद,
शाळेत उंचीनं उभ्या केलेल्या पोरींसारख्या.
सहावी चौथीशेजारी शोभायला हवी होती.
ती दुसरीच्या कानाशी,
तिसरीच्या खांद्याखाली.

आधी मी बर्फाला बोल लावला.
मग पिपेटला.
मग चहा न घेतलेल्या माझ्याच हाताला.
पुन्हा केलं. वीज आल्यावर यंत्रात पाहिलं,
पाचशे चाळीसवर.
एकसष्ट टक्के. साठ. पुन्हा एकसष्ट.

शून्य असतं तर सोपं होतं,
शून्याला सरळ चोर म्हणता येतं.
एकसष्टला काय म्हणायचं?
कुणी मोजून कमी घातलं,
की कुणी मोजलंच नाही?

वहीत लिहिलं: तारीख, तापमान, आकडा.
बर्फ: उधार.
एस्नाथला अजून बोलले नाही.
ती नावं काढत बसलीय, फक्त मुलींची.

नळ्या विसळायला घेतल्या.
सहावीचा रंग पहिल्याच पाण्यात गेला.
माझ्या नखाखाली जो बसलाय,
तो प्रमाणाच्या नळीतला.
दोनदा साबण लावला,
निघत नाही.