भिंतीलगतची माणसं

सत्राच्या पहिल्या सोमवारी
मी चोवीस सूक्ष्मदर्शक मांडते.
चोवीसच. पंचविसाव्याची काच तडकली त्याला दोन वर्षं झाली,
आणि नवीन काचेचा अर्ज
कुठल्याशा टेबलावर सही शोधत फिरतोय अजून.

फ्रेस्नोचा ऑगस्ट. बाहेर बागांमधून
यंत्रं बदामाची झाडं गदागदा हलवतायत,
त्याची धूळ इथवर येते,
शरीरशास्त्राच्या लॅबमध्ये, सांगाड्याच्या बरगड्यांवर.
रोज पुसते. रोज बसते.

चोवीस जण बसले, की उरलेले भिंतीलगत उभे राहतात.
त्यांना कुणी बोलावलेलं नसतं.
कुणी सोडलं, कुणी कंटाळलं, कुणाचं लग्न ठरलं,
तर आपला नंबर लागेल,
एवढ्यावर पाठीला पिशवी लावून तासभर.
यंदा अकरा होते. अकरावी ग्रिसेल्डा मोंतेहानो,
पायात अजून कारखान्याचे बूट.

नोंदणीत आधी खेळाडू. मग माजी सैनिक.
मग हुशारांचा वेगळा वर्ग.
मग ज्यांच्या खात्यात श्रेयांक जास्त, ते.
श्रेयांक जमायला विषय हवा,
आणि विषय मिळायला श्रेयांक.
इथंच घोडं पेंड खातं, दर सत्राला, त्याच जागी.
वशिला अजिबात चालत नाही, असं कार्यालयातली बाई म्हणाली.
खरंच आहे. रांग अगदी सरळ आहे.
फक्त ती कुठून सुरू होते, ते विचारायचं नाही.

ग्रिसेल्डाची वेळ आली होती गुरुवारी, दोन चाळीसला.
पाळी चालू, पट्ट्यावर टरफलं.
ती संडासात गेली फोन घेऊन,
आत सिग्नलची एकच काडी.
दोन एकेचाळीसला पडद्यावर: शून्य जागा.
"तिसऱ्यांदा," ती मला म्हणाली.
नर्सिंगचा अर्ज याच एका विषयापाशी अडलाय.
रागानं नाही म्हणाली. बसची वेळ सांगावी, तशी.

तिसऱ्या आठवड्यात एक खुर्ची रिकामी झाली.
तोवर भिंतीचे दहा जण गळले होते,
कुणी कामाला, कुणी दुसऱ्या गावच्या कॉलेजात.
तिला ईमेल आलं रात्री अकरा बावन्नला.
सकाळी ती आली, केस ओले, वही नवी,
आणि खण उघडून थांबली.

खणावर पट्टी होती: पाओ झे लोर.
आत त्याचा हातमोजा, उजवा,
आणि मेंढीच्या हृदयाचं पेन्सिलीतलं चित्र, अर्धं,
डावा कप्पा रंगवायचा राहिलेला.

"कुठे गेला हा?"
मला माहीत होतं. दोनशे चौदा डॉलर.
पार्किंगचा दंड आणि कसलंसं शुल्क,
खात्याला कुलूप, आणि मुदत संपल्यावर
यंत्रानं त्याचं नाव काढून टाकलं, मध्यरात्रीच्या आठ मिनिटं आधी.
वाईट हेतूनं नाही. यंत्राला हेतू नसतो.
मी म्हटलं, "गेला." एवढंच.

तिनं पट्टी काढली नाही.
चित्र वहीत ठेवलं. मोजा मला परत दिला,
"उजवाच आहे," म्हणाली, "पण धुऊन ठेवा."

डिसेंबरात ती पास झाली. माझा निरोप घ्यायला आली नाही;
कामावरच असणार.

आता जानेवारी. दरीतलं धुकं इतकं दाट
की पार्किंगमधून इमारत दिसत नाही,
नुसता दारावरचा दिवा.
चोवीस सूक्ष्मदर्शक. चोवीस डोकी वाकलेली.
भिंतीलगत सात जण,
सातवा पाओ झे लोर, जॅकेटवर दव.

"किती आहेत माझ्या पुढे?" त्यानं हळूच विचारलं.
त्याला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

मी मोजलं नाही.
कपाटातून धुतलेला मोजा काढून त्याच्या हातात दिला,
आणि फळा पुसायला चढायचं स्टूल
पायानं त्याच्याकडे सरकवलं.
नियमात स्टूलला जागा म्हणत नाहीत.