पुढे

मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी,
छातीच्या दवाखान्याच्या माडीवर
मला एक टेबल दिलंय
आणि एक पंखा, जो फक्त डावीकडे बघतो.
खाली ओळीनं भोपळे वाळताहेत.
दुपारभर कुणीतरी एकच तार पिळतं,
सोडतं, पुन्हा पिळतं.

काम साधं होतं म्हणे.
पहिल्या पानावर नाव, वय, गाव.
खाली निळ्या अक्षरांत: पुढे.
पुढच्या पानावर डॉक्टर.

निंगव्वा बिसुरे, एकसष्ट, म्हैसाळ.
जैबुनआपांनी दोन बोटांनी टाइप केलं,
'पुढे' दाबलं,
आणि पुढचं पान कोरं.
"नाव काय?"
"आत्ताच सांगिटलं की ओ."
तीनदा असं झालं.
चौथ्यांदा ती बोललीच नाही,
नुसती खोकली.

मला माडीवरून बोलावलं.
मी आपांना समजावत राहिले:
पान तिकडून येतं तेव्हाच दुवा त्यात लिहून आलेला असतो,
तुम्ही नंतर चौकटीत काय भरलं
ते त्याला कसं कळणार?
पाकीट चिकटवून झाल्यावर मजकूर सुचावा, तसं.
आणि सर्व्हर तर
पान वाढतो, अन् पाठ वळताच
जेवणारा कोण होता ते विसरतो.
आपा म्हणाल्या, "आमचे मोठे डॉक्टर तसेच."

मग मी एक हेलपाटा वाढवला.
भरलेलं आधी तिकडे जाऊ दे,
तिथून पान नव्यानं येऊ दे,
आणि येताना दुव्याच्या शेपटाला
एक प्रश्नचिन्ह, खुंटीसारखं.
त्याला अडकवलं नाव,
मग ती पिळाची खूण, 'आणि'ची,
मग वय, पुन्हा पीळ, मग गाव.
वहीत चिकटवून पाहिलं तर
'न' गेला होता
टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए आठ होऊन.
एका 'न'ला नऊ खुणा.
अख्ख्या निंगव्वाला बहात्तर.
तरी पोचली ती. पलीकडे उलगडली,
अनुस्वारासकट.

शुक्रवारी हळदीच्या गोदामातला हमाल आला,
कामाचं ठिकाण 'शहा & कंपनी'.
पुढच्या पानावर नुसता शहा.
कंपनी पिळात अडकून तुटली.
तेही दुरुस्त केलं,
आणि खाली जाऊन उसाचा रस प्याले,
एकटीच, आल्याचा.

सोमवारी
रांगेतल्या एका पोरानं, तिसरी-चौथीतलं असेल,
पडद्याच्या वरच्या पट्टीतून मोठ्यानं वाचलं,
वाचता येतं म्हणून, निव्वळ त्या आनंदात:
निंगव्वा बिसुरे, एकसष्ट, म्हैसाळ, क्षय.

बाकावर तिच्या शेजारची बाई
वीतभर सरकली.
वीतभरच.
मी लिहिलेल्या ओळीनं
कुणी इतकं लांब गेलेलं
मी याआधी पाहिलं नव्हतं.

रात्री सगळं काढून टाकलं.
दुव्यात आता फक्त आकडा, चारशे सतरा.
बाकीचं तिकडे, कुलपात.
(कुणी सतराचे अठरा केले तर?
ते उद्या.)

आज आपांनी पुकारलं:
"चारशे सतरा!"
कुणी उठलं नाही.
"चारशे सतरा कोण आहे?"
निंगव्वा समोरच बसलेली,
पदर तोंडाशी धरून.
कोण येतंय चारशे सतरा, म्हणून
तीही दाराकडे बघत होती.

आपांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"म्हैसाळच्या मावशी, चला."

खाली तार अजून लागली नव्हती.