सूर्यास्तापर्यंत परवानगी

आमच्या गावच्या रेडिओला अंधाराची परवानगी नव्हती.
अडीचशे वॅटचं स्टेशन, नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला,
बीटच्या शेतात एक मनोरा आणि एक पत्र्याची खोली.
उजाडलं की बोलायचं, मावळलं की गप्प.
सरकारी कागदावर वेळा छापलेल्या:
डिसेंबरात साडेचार, जूनमध्ये साडेसात.
माझ्या कोंबड्यासुद्धा याहून उशिरा झोपतात,
असं ऑर्विल श्लोथाउअर म्हणायचा.
मालक तोच, निवेदक तोच, खोली झाडायचा तोच.

मनोरा दिसतो तेवढाच नसतो.
खाली मातीत एकशेवीस तांब्याच्या तारा
चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या.
त्या माझ्या बापानं पुरल्या, एका उन्हाळ्यात,
बीटची खुरपणी संपल्यावर, रोजंदारीवर.
काय पुरतोय ते त्याला कुणी सांगितलं नाही.
त्यानंही विचारलं नाही.

दिवसा त्यातून डुकरांचे भाव यायचे,
कोण वारलं, चर्चमध्ये जेवण किती वाजता,
आणि अकरा वाजता लिओटा बाउअरचा देवघेवीचा तास:
एक पाळणा, दोन टायर,
लग्नाचा एक पोशाख, वापर अर्धा दिवस, कारण विचारू नये.

आम्हाला त्यातलं काही नको होतं.
बाप सूर्य मावळायची वाट बघायचा.
ऑर्विलनं खटका बंद केला की त्याच आकड्यावर
दक्षिणेकडून, हजार मैलांवरून,
खरखरीतून वर येत एक बाई स्पॅनिशमध्ये
शुभरात्र म्हणायची.
काटा त्यानं कधी हलवला नाही.
म्हणायचा, थांबलं की येतं आपोआप.

मग एकोणपन्नासच्या जानेवारीतली ती दुपार.
बर्फ आडवा पडत होता.
शाळेच्या दोन बस निघाल्या आणि पोचल्या नाहीत.
साडेचार वाजले, पाच वाजले,
लिओटा बोलतच राहिली.
टेलिफोनच्या तारा जिथे तुटल्या नव्हत्या तिथून
चिठ्ठ्या येत होत्या, ती वाचत होती:
डिट्रिकची दोघं रुपेलांच्या घरी, जेवली आहेत.
हेसची मधली सापडली, बूट एकच आहे.

आमच्या झोपडीत बाप रेडिओला कान लावून.
त्याला इंग्रजी येत नव्हतं.
वर लिओटा, तिच्याखाली ती दूरची बाई,
दोघी एकमेकींच्या अंगावरून बोलत होत्या,
एकीचं कळत नव्हतं, दुसरीचं ऐकू येत नव्हतं.
आणि पावणेआठला, मध्येच,
“एव्हरेस्टो ऑर्नलस, कुनकेलांच्या गोठ्यात, ठीक आहे.”

एवारिस्तो ओर्नेलास.
माझं नाव इतकं चुकीचं कुणी घेतलं नव्हतं.
आई सांगायची, बाप उठून उभा राहिला,
आणि टोपी काढली.
मी तेव्हा वासराला चिकटून झोपलो होतो.

एप्रिलमध्ये सरकारचं पत्र आलं:
परवानगीच्या वेळेबाहेर तीन तास बेचाळीस मिनिटं, खुलासा करावा.
ऑर्विलनं ते काचेत बसवून
कॉफीच्या किटलीच्या वर टांगलं.
खुलासा दिला की नाही, माहीत नाही.

पुढचं सगळं असतं तसंच.
ऑर्विल गेला, मुलानं विकलं.
ज्यानं घेतलं त्यानंही विकलं.
आवाज डेन्व्हरहून यायला लागले,
आमच्या आकाशात गारा पडत असताना
स्वच्छ ऊन आहे म्हणणारे.
एका मंगळवारी मनोरा उतरवला, भंगाराच्या दरानं.
तांब्याचा भाव चढला तेव्हा रात्री कुणीतरी येऊन
हाताला लागल्या तेवढ्या तारा ओढून नेल्या.

ते शेत आता मी करतो, खंडानं.
परवा नांगराच्या फाळाला काहीतरी अडकलं,
हिरवं पडलेलं, बोटाएवढ्या जाडीच्या मातीत लपेटलेलं.
ओढत गेलो तर संपेना.
बापानं खोल पुरलं होतं. पैसे कमी मिळाले तरी खोल.

हातभर तोडून घेतली,
फाटकाची कडी निसटते, तिला बांधली.
बाकीची परत मातीत लोटली.
रेडिओ ट्रॅक्टरमध्ये आहे, काटा त्याच आकड्यावर.
दिवसभर नुसती खरखर.
मी साडेचारची वाट बघतो.