अकरावं प्रकरण

कुस्तोद मानशीवर उभा आहे.
गेली चार वर्षं उभा आहे,
एक हात दाराच्या फळीवर, पाय पोटरीपर्यंत चिखलात.
फळी उचलली तर खाजनात खारं पाणी,
नाही उचलली तर कादंबरी इथंच संपते.
उचलू का, असं तो मला विचारतो.

मी वीजखात्यात मीटर वाचतो.
मळार, गोळटी, टेकडीखालचे वाडे,
कुत्री आता भुंकत नाहीत.
रात्री जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूला
दोनशे चाळीस पानं झाली.
त्यातली साठ बरी आहेत
(रविवारी. सोमवारी वीस.)

फेरीचा तांडेल दोर सोडता सोडता विचारतो,
'कितें मरे, जालें तुजें पुस्तक?'
मी म्हणतो, भरती आहे सध्या.
तो पाण्याकडे बघतो.
ओहोटी असते.

आणि कुस्तोद शिव्या देतो त्या कोंकणीत,
मी लिहितो मराठीत.
त्याच्या तोंडातून निघालेली शिवी
माझ्या कागदावर उतरेपर्यंत
पायताण काढते, हातपाय धुते,
पाटावर येऊन बसते.
मी खोडतो.
शालन शीतकडी झाकून झोपायला जाते.
पूर्वी विचारायची, कुठवर आलं.

ज्याच्यावरून मी कुस्तोद घेतला
तो इनास मे महिन्यात गेला.
मातीला गेलो होतो.
त्याची मुलगी लिबराता, डोळे सुजलेले,
बाजूला घेऊन म्हणाली,
'पपा सगळ्यांना सांगायचा, आपल्याला पुस्तकात घातलाय.
शेवटी काय होतं हो त्याचं?'
माझ्या हातातली मेणबत्ती बोटांवर गळत होती.
मी म्हटलं, चालू आहे अजून.
ती हसली, का कोण जाणे.

त्या रात्री एकच ओळ झाली:
फळी कोणी उचलली नव्हती,
तरी खालून पाणी येत होतं.
खोडली नाही. खोडेनही उद्या.

सकाळी गोळटीत
लिस्बनला गेलेल्यांचं बंद घर,
दाराला गंजकं कुलूप, वळचणीला गांधीलमाश्या,
आणि मीटरची चकती फिरत होती,
अगदी सावकाश.
आत कुठल्या तरी खोलीत
कोणी तरी दिवा विसरलंय.
कुंपणाशी उभा राहून बराच वेळ बघत होतो.
मग वहीत लिहिलं:
घर बंद. युनिट चार.